रविवारी चार वाजता, विशाखाकाकूंकडं

विशाखाकाकूंकडं चहाला जायचं म्हणजे आधी कपाट उघडून साडी शोधावी लागायची. मोबाइलवर निरोपच तसा यायचा. 'रविवारी चार वाजता चहा. पिवळं नेसून येणे. पिवळं नसेल तर निदान पिवळा रुमाल.' वडवणीत चहाचं आमंत्रण म्हणजे रस्त्यानं चाललेल्या माणसाला गेटातून हाक मारणं. त्याला रंग असतो, वेळ असते, हे कुणाला ठाऊक नव्हतं. काकूंनी हा प्रकार एका व्हिडिओत पाहिला होता. कुठल्याशा शहरातल्या बायका एकाच रंगाचे कपडे घालून, टेबलावर फुलं मांडून चहा पीत बसल्या होत्या. तो मला दाखवून त्यांनी विचारलं, की ह्यात आपल्याला न जमण्यासारखं काय आहे. मला तरी काही सापडलं नाही.

मी त्यांची भाडेकरू. मूळची आष्टीकडची, धनगराच्या घरातली; घरी अजून मेंढरं आहेत. कृषी सहायक म्हणून वडवणीला बदली झाली तेव्हा खोली शोधत फिरत होते. एकटी बाई म्हटल्यावर निम्म्या घरांतली खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. काकूंनी खोलीबद्दल काही बोलायच्या आधी जेवण झालंय का ते विचारलं. नाही म्हटल्यावर आत बसवून भाकरी आणि शेपूची भाजी वाढली. जेवून उठेपर्यंत खोली कशीही असली तरी इथंच राहायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. वरच्या मजल्यावरची ती खोली तशी यथातथाच होती. पुढं काही वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिले, दोन्ही अर्थांनी.

काकू बुटक्या, अंगानं भरलेल्या. पदर कायम कमरेला खोचलेला आणि चालणं असं, की बाई आता एसटी पकडायला निघाली आहे. पण त्या कुठंच निघालेल्या नसायच्या. पुढचं गेट आणि मागचा नळ, ह्या दोन टोकांच्या मध्ये त्यांचा सगळा प्रवास. कारण अण्णा. अण्णा म्हणजे त्यांचे यजमान, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. निवृत्तीनंतर लगेचच त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं तुकड्यातुकड्यानं यायचं, आणि हाक तर मारताच यायची नाही. म्हणून पलंगाशेजारी एक स्टीलची वाटी पालथी घालून ठेवलेली असायची. काही लागलं की अण्णा डाव्या हातानं तिच्यावर चमचा वाजवायचे. तो आवाज जिथवर ऐकू येईल तिथवरच काकूंना जाता यायचं. चकलांब्याला माहेरी भाच्याचं लग्न होतं, तेव्हाही त्या गेल्या नाहीत. अण्णांजवळ मी बसते, तुम्ही जाऊन या, असं मी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "तुला ती वाटी ऐकू यील, पर कळनार न्हाई." पाण्याची वाटी वेगळी वाजते आणि कुशीवर वळवायची वेगळी, असं त्यांचं म्हणणं होतं. मी वर्षभर कान देऊन ऐकलं, मला दोन्ही सारखीच वाटली.

तर त्यांना बाहेर जाता येत नव्हतं, म्हणून बाहेरच्यांनी आत यावं, असा त्यांचा सरळ हिशेब. "घरात मानूस आलं की भिंतीला बरं वाटतंय," असं त्या म्हणायच्या आणि खरोखरच भिंतीकडं बघायच्या. बैठकीच्या खोलीत बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्या खाली मुलाचा पदवीचा फोटो, आणि भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या. प्रत्येक खुर्चीला माणसाचं नाव. ही सुमनताईची, ही मंगलताईची, खिडकीजवळची प्रतिभाची कारण तिला उकडतं. खुर्च्या रोज पुसल्या जायच्या, कुणी बसलेलं असो वा नसो. त्या मोजलेल्या मात्र काकूंना चालायच्या नाहीत. मोजल्या की माणसं कमी येतात म्हणे. एकदा मी सहज मोजायला लागले तर त्यांनी पुसायचं फडकं माझ्या अंगावर फेकलं.

चहाही त्यांचा भारीच. गवती चहा, सुंठ, थोडा वेलदोडा. उकळत असताना त्या जागेवरून हलायच्या नाहीत. मध्येच वाटी वाजली तर गॅस बंद करून जायच्या आणि परत येऊन नव्यानं सुरुवात. उकळता चहा टाकून गेलं की तो रुसतो, असं त्यांचं मत. मी सकाळी शिवारात जायच्या आधी तो पिऊन निघायचे, आणि त्या चहावर मला दुपारपर्यंत कुणाचा राग यायचा नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. हा चहा आमच्या गल्लीतल्या एकाही बाईनं कधी घेतला नव्हता.

गल्ली नोकरदारांची. मास्तर, ग्रामसेवक, बँकेतले, पंचायत समितीतले. प्लॉट पाडले तेव्हा सगळ्यांनी एकदमच घरं बांधली. बौद्धांचं घर गल्लीत हे एकच. कुणी कधी वाईट बोललं नाही. उलट, सगळ्यांचं येणं-जाणं, हसणं-खिदळणं. अण्णांना पहिल्यांदा झटका आला त्या दिवशी समोरच्या सुमनताईंच्या यजमानांनीच त्यांना आपल्या गाडीत घालून बीडला नेलं. सुमनताई दवाखान्यात काकूंचा हात धरून बसल्या होत्या. दिवाळीला त्यांच्याकडून काकूंना भरलेलं ताट यायचं. काकू ते रिकामं परत पाठवायच्या नाहीत, करंज्या घालून द्यायच्या. मग सुमनताई गेटातच म्हणायच्या, कशाला एवढं, नुसती साखर घाला. साखर चालायची. सोललेलं नसेल तर केळं चालायचं. पुडा त्यांच्यासमोर फोडला तर बिस्किट चालायचं. प्रेमाला काही कमी नव्हतं, ते फक्त घशाखाली उतरत नव्हतं. चहाचं नाव काढलं की 'आत्ताच झाला', 'पित्त होतं', 'शुगर निघाली'. सुमनताईंनी तर मला एकदा हळूच विचारलं, की तुम्ही खाली काकूंकडं जेवता का. मी म्हटलं, जेवते, मटण लई भारी करतात. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्याकडं काढला नाही.

मला ह्या सगळ्याचा संताप यायचा. दोनदा मी गल्लीत काहीतरी बोलायला निघाले आणि दोन्ही वेळा काकूंनी मला जिन्यावरच अडवलं. "तू बदली झाली की जाशीन," त्या म्हणाल्या. "मला हितंच ऱ्हायाचंय." तुमच्या माहेरची, जुन्या वस्तीवरची माणसं येतात, पोटभर चहा पितात, तेवढं पुरे नाही का, असंही मी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, की आपली माणसं आपला चहा पितात त्यात काय नवल? घर ह्या गल्लीत बांधलंय. शेजार ह्या गल्लीतला आहे. चार भिंतींत दिवस जातो तो ह्या गल्लीचा आवाज ऐकत जातो. ह्याच गल्लीतल्या बायकांनी आपल्या घरी बसून चहा प्यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून तो पिवळा चहा. झेंडूच्या माळा, हळदीच्या रंगाचे टेबलक्लॉथ, बेसनाचे लाडू, आणि स्वतः काकू लिंबाच्या रंगाच्या साडीत. बायका आल्या, सगळ्या पिवळ्या. त्यांनाही हौस होतीच. कारण वडवणीत पिवळी साडी नेसून दुपारी चारला जायला दुसरीकडं कुठं आहे? फोटो काढले, गाणी म्हटली. मंगलताईंनी नवऱ्याची नक्कल केली तेव्हा आतून अण्णांच्या हसण्याचा आवाज आला. चहाचा ट्रे फिरला आणि जसा भरलेला गेला तसा भरलेला परत आला. पित्त, शुगर, आत्ताच झाला. नेहमी काकू आग्रह करायच्या, त्या दिवशी केला नाही. सगळ्या गेल्यावर त्या ट्रेकडं बघत बसल्या आणि मग मला म्हणाल्या, की रंग काय कामाचा नाही, जागा बदलायला पाहिजे.

जागा बदलायची म्हणजे काय ते मला पुढच्या महिन्यात कळलं. निरोप आला, 'रविवारी चार वाजता चहा. विषय: एसटी स्टँड. सर्वांनी पिशवी घेऊन येणे.' काकूंचं डोकं असं चाललं होतं, की ह्याच बायका बीडच्या स्टँडवर कागदी कपातला चहा पितात. तिथं तो कोण करतो, कुठल्या घरचा आहे, हे विचारतात का? नाही ना. मग घराचाच स्टँड करायचा. "मला तर स्टँडवर जाता येत न्हाई," त्या म्हणाल्या, "मग स्टँडलाच बलवू घरी."

खुर्च्या एका ओळीत लावल्या. भिंतीवर मी पाट्या रंगवून चिकटवल्या, बीड, माजलगाव, धारूर. खांद्याला पर्स अडकवून मी कंडक्टर झाले. प्रतिभा, बँकवाल्यांची नवी सून, तिनं नाकात आवाज काढून गाड्या लावल्या: प्रवाशांनी लक्ष द्यावे, गाडी उशिरा सुटेल. बायका पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या आणि खरोखर स्टँडवर असल्यासारख्या एकमेकींना जागा देईनात. इतकं मी त्या गल्लीत पुन्हा कधी हसले नाही. काकू डोक्याला रुमाल बांधून 'च्याय गरम' करत कागदी कपांचा ट्रे घेऊन आल्या, आणि ह्या वेळी सगळ्यांनी कप घेतले.

घेतले. मी दारात उभी राहून बघत होते. प्रतिभानं कप ओठापर्यंत नेला, सुमनताईंकडं पाहिलं, आणि कप परत मांडीवर आणला. मग बोलणं वाढलं, उठबस झाली, अंगणात फोटो काढायचे निघाले, आणि परत आल्या तेव्हा कप रिकामे होते. काकूंचा चेहरा असा फुलला होता, की मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना त्या कढीपत्त्याच्या कुंडीपाशी थांबल्या. मातीवर तांबडा डाग आणि मुंग्यांची रांग. त्यांनी वर बघून मला हाक मारली. "ये बघ, आपला कढीपत्ता लई मानूसकीचा हाय. सगळ्यायचा च्या येकट्यानं पिला." आणि हसल्या. मग कुंडीत पाणी ओतता ओतता त्यांचं हसू थांबलं आणि त्या आत गेल्या.

मध्ये एक दिवाळी त्यांनी अण्णांना घेऊन पुण्यात काढली. मुलगा राहुल तिथं कंपनीत आहे, सहाव्या मजल्यावर फ्लॅट. आईवडिलांनी कायमचं तिकडं यावं म्हणून तो दर आठवड्याला फोनवर भांडायचा, आणि त्याचं चुकत नव्हतं. तिथं अण्णांसाठी डॉक्टर चांगले, लिफ्ट, मदतीला माणूस. काकू परत आल्या त्या कंटाळून. दिवसभर दार बंद, समोरचं दार बंद, कुणाचं नाव माहीत नाही. "तितं माझ्या च्याला कुनी न्हाई म्हनत न्हाई," त्यांनी सांगितलं, "कारन कुनी येतच न्हाई." इथं माणसं येत होती पण पीत नव्हती, तिथं प्यायली असती पण यायची नाहीत. जायचं की राहायचं, दोन्हीकडून त्यांची सारखीच कोंडी होती. त्यात अण्णांची तब्येत खालावत चालली. शेवटी काकूंनी राहुलला सांगितलं, की येते, पण एकदा ह्या गल्लीनं माझ्या घरचा चहा पिऊ दे. राहुलला हे खूळ वाटलं. आई, तू त्यांच्यासाठी का थांबतेस, असं त्यानं विचारलं.

मग श्रावण आला, आणि काकूंना त्यांची सगळ्यात मोठी कल्पना सुचली. श्रावणी सोमवारी गल्लीतल्या सगळ्या बायकांना उपवास. काकूंनी जन्मात कधी उपवास केला नव्हता. पण त्यांनी ठरवलं, की उपवासाचाच चहा करायचा. महिनाभर त्या शिकत होत्या. कोण कोथिंबीर खातं, कोण खात नाही, जिरं कुणाला चालतं, भगर कशी मोकळी करायची. माझ्या घरचे उपवास मटणाच्या आदल्या दिवशीपुरते, त्यामुळं माझा काही उपयोग नव्हता. त्यांनी शेंगदाण्याची आमटी दोन प्रकारची केली, जिऱ्याची आणि बिनजिऱ्याची. साबुदाण्याचे वडे, रताळ्याच्या चकत्या, राजगिऱ्याचे लाडू. नवी किटली आणली, नवं पातेलं, नवे कप. कोणत्याही सबबीला जागा ठेवायची नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मी शिवारात असताना त्यांनी गल्लीच्या ग्रुपवर निरोप टाकला. मी तो संध्याकाळी वाचला, तेव्हा वेळ गेली होती.

'सोमवारी चार वाजता चहा. विषय: उपवास. सगळं उपवासाचं केलं आहे. शुगरवाल्यांना वेगळा. पित्तवाल्यांना बिनसुंठेचा. दूध तुमच्याच गवळ्याचं. भांडी सगळी नवी आहेत, कुणी वापरलेली नाहीत.' खाली कपांचा फोटो, त्यावरचे स्टिकर तसेच.

त्या शेवटच्या वाक्यानं घात केला. इतकी वर्षं गल्लीत जी गोष्ट कुणीही, एकदाही तोंडानं बोललं नव्हतं, ती काकूंनी चांगल्या मनानं ग्रुपवर लिहून टाकली होती. आता चहाला जायचं म्हणजे कबूल करायचं, की होय, आम्हाला तुमच्या भांड्यांचीच अडचण होती. आणि नाही जायचं म्हणजेही तेच. सगळ्यांनी निरोप वाचला, तसं मोबाइलवर दिसत होतं. उत्तर एकीनंही दिलं नाही.

सोमवारी मी रजा टाकली. चार वाजले, साडेचार झाले. सुमनताईंचं दार दिवसभर सताड उघडं असायचं, ते बंद होतं. काकू गेटात उभ्या राहिल्या, मग आत आल्या, मग परत गेटात. अण्णांची वाटी वाजली तेव्हा त्या जवळजवळ पळत गेल्या, जाण्यासाठी काही कारण मिळालं म्हणून. पाच वाजता आम्ही अण्णांच्या पलंगाभोवती बसून वडे खाल्ले. अण्णा एकेक शब्द जुळवत म्हणाले, की वडे चांगले झालेत. मग हातातला वडा संपवून म्हणाले, की पुण्याला जाऊ. काकूंनी होकाराची मान हलवली.

त्या रडल्या नाहीत. मी मात्र रडले, रागानं. त्या माझी पाठ चोळत म्हणाल्या, "म्या चुकले गं. मानसाला लपाया कायतरी आडोसा लागतोय. म्या समदा झाडून काढला." इतकी दुखावलेली बाई समोरच्याच्या अडचणीचा विचार करते, हे मला त्या वेळी पटलं नाही, आणि आजही पूर्ण पटलेलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. पूर्वी निदान बायका येऊन बसत होत्या, आता तेही बंद. सुमनताई गेटात दिसल्या की मान खाली घालून आत जायच्या. काकू खुर्च्या पुसत राहिल्या. राहुलनं घर भाड्यानं द्यायचं ठरवलं, ट्रक ठरवला. मला काकूंनी खोलीत राहू देण्याबद्दल नव्या भाडेकरूंना सांगून ठेवलं. सामान बांधायला लागलो तेव्हा काकू म्हणाल्या, की असं तोंडं फिरवून जायचं नाही. आणि ग्रुपवर शेवटचा निरोप टाकला. ह्या वेळी टाकायच्या आधी मला वाचून दाखवला. 'रविवारी चार वाजता या. विषय काही नाही. नुसतं बसू. ज्यांना चहा चालत नाही त्यांनीही यावे.'

सगळ्या आल्या. निरोपाची भेट म्हणून आल्या असतील, लाजेखातर आल्या असतील, मला माहीत नाही. साध्या घरातल्या साड्या, हातात हळदीकुंकवाचं, खणाचं काहीबाही. निम्म्या खुर्च्या बांधून झाल्या होत्या, म्हणून काहीजणी खोक्यांवर बसल्या. प्रतिभानं पुण्यातल्या पाण्याबद्दल काहीतरी विचारलं. काकू आत गेल्या आणि रोजच्या कपांचा ट्रे घेऊन आल्या. नवे कप त्यांनी खोक्यातच ठेवले होते.

त्या प्रत्येकीसमोर जाऊन थांबल्या. आणि कुणी काही म्हणायच्या आधी स्वतःच म्हणाल्या. "मंगलताई, तुमाला शुगर हाय, ऱ्हावू द्या." पुढं गेल्या. "प्रतिभा, तुजा आत्ताच झाला आसंल." पुढं गेल्या. "सुमनताई, तुमाला पित्त होतंय. ऱ्हावू द्या, नुसत्या बसा." आवाजात टोमणा नव्हता, मी शपथेवर सांगते. आजारी माणसाची पथ्यं सांगावीत तसं त्या सांगत होत्या. त्यांनी खरोखरच त्या बायकांना खोटं बोलायच्या कामातून मोकळं केलं होतं.

मग सुमनताई म्हणाल्या, "द्या इकडं."

काकूंना ते कळलंच नाही. त्या ट्रे घेऊन पुढं निघाल्या होत्या. सुमनताईंनी हात लांब करून कप उचलला आणि प्यायला. पहिले घोट काढ्यासारखे, डोळे खाली. मग थांबून विचारलं, की ह्यात सुंठ आहे का. काकू हो म्हणाल्या. "चांगला हाय," सुमनताई म्हणाल्या आणि राहिलेला संपवला. प्रतिभानं लगेच कप घेतला, जणू इतके दिवस तेवढ्यासाठीच थांबली होती. मंगलताईंनी साखरेचाच घेतला. काकू रिकामा ट्रे हातात धरून मध्येच उभ्या होत्या. त्यांना हवं होतं ते झालं होतं आणि आता काय करायचं हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं, असा त्यांचा चेहरा.

ट्रक दोन दिवसांनी आला. अण्णांना खुर्चीतून गाडीत बसवलं, गल्ली गोळा झाली, रडारड झाली. पण काकू म्हटलं की मला तो दिवस आठवत नाही. त्या आठवतात त्या ह्याच रविवारी, मागच्या नळापाशी.

सगळ्यांचं पिऊन झाल्यावर सुमनताई उठल्या. आपला कप घेऊन स्वयंपाकघरातून मागं गेल्या आणि नळ सोडला. आता तरी सगळं नीट व्हावं, आपणही काही करावं, एवढाच त्यांचा भाव असणार. काकू त्यांच्या मागोमाग गेल्या, मीही दारापर्यंत गेले. काकूंनी सुमनताईंचं मनगट धरलं.

"ठिवा."

सुमनताई म्हणाल्या, की राहू द्या, एक कप तर आहे, विसळून टाकते.

"आमच्या चकलांब्याला हाटेलात माजा बाप च्या प्यायचा," काकू म्हणाल्या. "भाईर बसून. पिला की सवताचा कप सवता इसळायचा आन् भिताडाच्या कोनाड्यात पालथा ठिवायचा. म्या संगं आसायची. तवा म्या लहान व्हते, मला वाटायचं बाप लई सोच्छ मानूस हाय." नळाचं पाणी दोघींच्या हातांवरून वाहत होतं. "माज्या घरात च्या पिल्यावर कुनी कप इसळत न्हाई, सुमनताई. कुनीबी न्हाई."

सुमनताईंनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते कुठं न्यावेत हे त्यांना कळत नव्हतं. मग मी काय करू, असं त्यांनी अगदी हळू विचारलं.

"बसा," काकू म्हणाल्या. "आनखी हाय थोडा."

आणि त्यांनी नळ बंद करून गॅस पेटवला.